राजवाड्यावर जाऊन या!

साताऱ्यात राहणाऱ्या माणसाने राजवाडा पाहू नये, हा पहिला नियम. राजवाड्यावर जरूर जावं, रोज संध्याकाळी जावं, पण पाहू नये. 'राजवाड्यावर जाऊन येतो' म्हणजे चौपाटीवर पाणीपुरी खाऊन येतो, हे घरच्यांनाही न सांगता कळतं. वाड्याकडे पाठ करून उभं राहिलं की गाडीवाला नीट दिसतो आणि शेवटची सुकी पुरी आपल्याला मिळाली की नाही, यावर लक्ष राहतं.

अडचण फक्त पुण्याहून मेहुणे आले की होते. ते 'इथे बघण्यासारखं काय आहे?' असं विचारतात. गोंधळू नका. हात वर करून अजिंक्यतारा दाखवा, तो कुठूनही दिसतो. तेवढ्याने भागलं नाही तर राजवाड्यावर न्या आणि 'हे सगळं छत्रपतींचं' असं म्हणून मोती चौकाकडे, कंदी पेढ्यांच्या दिशेने वळवा. जुना वाडा आणि नवा वाडा असे दोन आहेत, पण त्या तपशिलात शिरू नका. आपल्याकडचा नवा वाडाही पावणेदोनशे वर्षांचा आहे, हे पुणेकराला सांगितलं की तो शनिवारवाड्यावर सुरू होतो.

तसा हा नवा वाडा एके काळी लोकांनी फार बारकाईने पाहिला आहे. १८४८ साली डलहौसीने सातारचं राज्य खालसा केलं, पुढे या वाड्यात कोर्ट आलं, आणि वाड्याचं भाग्य उघडलं. माण-खटावची, पाटण खोऱ्यातली माणसं भाकरी बांधून पहाटेच्या एसटीने यायची. बांध कोरल्याच्या दाव्यात आजाने जे खांब न्याहाळले, तेच नातवाने न्याहाळले. पुढची तारीख मिळेपर्यंत दुसरं काम काय? इतका निवांत, इतका निष्ठावान प्रेक्षक कुठल्या संग्रहालयाला लाभलाय?

म्हणून कोणी 'या जुन्या सरकारी इमारतीत संग्रहालय करा' असं म्हणालं की तुम्ही जोरात मान डोलवा. एकदा संग्रहालय झालं की तिथे जायचं कारण संपतं आणि अभिमान तेवढा शिल्लक राहतो. फारच गर्दी हवी असेल तर आत सातबाऱ्याची एक खिडकी उघडावी आणि रांग तलवारींच्या दालनातून वळवावी. सर्व्हर बंद पडला की लोक नाइलाजाने पाट्यासुद्धा वाचतील.

जुन्या वाड्यात शाळा होती. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथे भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं. रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे त्याची सही आहे, आणि तो दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. तुम्ही त्या दिवशी स्टेटस ठेवा. ती जागा आपल्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे, हे मात्र त्यात लिहू नका. उगाच कोणी विचारायचं, 'मग पाहिलीस का?'

आता खऱ्या संग्रहालयाकडे येऊ. एसटी स्टँडजवळ ते आहे. तिथे सातारकराने जावं असं वाटत असेल, तर वस्तू आधी लंडनला पाठवावी लागते आणि तिथे चांगली मुरवावी लागते. वाघनखांचंच बघा. इथला इंग्रज रेसिडेंट ग्रँट डफ ती घेऊन गेला, ती व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात विसावली आणि जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली. पहिला मुक्काम साताऱ्याला होता. मग आपण सहकुटुंब रांगेत! शेजारच्या कपाटांकडे बघायला मान वळवली नाही, कारण ती बिचारी कुठेच गेली नव्हती.

पेटीवर इंग्रजीत लिहिलंय की शिवाजी महाराजांनी या वाघनखांनी 'मोगल' सरदाराला मारलं. अफजलखान विजापूरचा, हे आपल्या चौथीच्या पोराला ठाऊक असतं. ही तीच वाघनखं अशी खात्री देता येत नाही, असं लंडनचं संग्रहालय स्वतःच सांगतं. हे घरी सावकाश वाचा. रांगेत उभं राहून मोठ्याने वाचू नका, मागे चाळीस माणसं असतात आणि सगळी आपलीच असतात.

तिथे कोणी रंगो बापूजींचा विषय काढला, तर मोबाईल काढा. सातारचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना इंग्रजांनी १८३९ साली पदच्युत करून काशीला धाडलं, तेव्हा त्यांची बाजू मांडायला हा माणूस लंडनला गेला. वर्षानुवर्षं तिथे अर्ज-विनंत्या करून १८५३ साली रिकाम्या हाताने परतला. तीन वर्षांच्या बोलीवरसुद्धा त्याला काही मिळालं नाही. असल्या गोष्टीसोबत सेल्फी नीट येत नाही. १८५७ च्या हुतात्म्यांचं स्मारक 'चार भिंती' नावाच्या टेकडीवर आहेच, तिथे वारा छान असतो.

एवढं फिरून झालं की भूक लागते. पुन्हा राजवाड्यावर या आणि नेहमीच्या गाडीपाशी, नेहमीसारखी पाठ करून उभे राहा. धाकटं पोर मात्र उलटं उभं राहील. त्याला अजून रीत कळलेली नसते. ते विचारेल, 'बाबा, आत काय आहे?'

'आत? आत पूर्वी कोर्ट होतं. तू खा, पुरी मऊ पडेल.'