ही धूळ आभाळातून पडलेली नाही

‘आपल्याकडे धूळ असायचीच, भाऊ.’ हे वाक्य गेल्या चार वर्षांत मी शेजाऱ्याकडून, किराणा दुकानदाराकडून, रिक्षावाल्याकडून आणि ज्याला ही धूळ हटवण्यासाठी पगार मिळतो त्या माणसाकडूनही ऐकले आहे, आणि आता ते कानावर पडले की माझे डोके फिरते. धुळ्याच्या तर नावातच धूळ आहे, मग जळगावात ती असली तर नवल काय, असा विनोदही लोक करतात. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. माझ्या सहा वर्षांच्या मुलीला दिवाळीपासून होळीपर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ औषधाचा पंप ओढावा लागतो, रात्री दोन-अडीचला ती खोकत उठून बसते, आणि डॉक्टर दर खेपेला एकच सांगतात की हिला धुळीपासून लांब ठेवा. लांब म्हणजे कुठे? घरात धूळ, शाळेच्या वाटेवर धूळ, शाळेच्या मैदानावर धूळ.

ही धूळ कुठून आली ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणूनच ती निसर्गाच्या माथी मारलेली मला सहन होत नाही. आमच्या गल्लीत चांगला डांबरी रस्ता होता. आधी जलवाहिनीसाठी एका बाजूने चारी खोदली. ती बुजवताना मुरूम टाकून, पाणी मारून, रोलरने दबाई करण्याऐवजी तीच उकरलेली काळी माती वर लोटून मक्तेदाराची माणसे निघून गेली. वर्षभराने भुयारी गटारीसाठी दुसऱ्या बाजूने खोदले आणि तोच प्रकार झाला. त्यानंतर कसल्याशा केबलसाठी मधूनच एक आडवी चारी पडली. आपली ही कापसाची काळी माती पावसाळ्यात चिखल होऊन चाकांना चिकटते, चौकाचौकांत पसरते, आणि नवरात्रानंतर ऊन तापू लागले की तिची ढेकळे होतात. त्या ढेकळांवरून दिवसभर रिक्षा, ट्रॅक्टर, वाळूचे डंपर जातात आणि आठ-दहा दिवसांत तिचा मैदा करून ठेवतात. एक गाडी गेली की तो मैदा उडतो, खाली बसायच्या आत दुसरी गाडी येते. म्हणजे एकदा पडलेली माती उचलली नाही, तर प्रत्येक चाक तिला आणखी बारीक दळत राहते. सकाळी कोरड्या खराट्याने रस्ता झाडतात तेव्हाही ती जागची हलते एवढेच. रस्त्यावरून उठून आमच्या ओट्यावर येते.

याचा घरावर काय परिणाम होतो हे बाहेरच्या माणसाला कळणे कठीण आहे, कारण त्यासाठी आमचा उन्हाळा माहीत असावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जातो, त्यामुळे कुलरशिवाय दुपार निघत नाही; आणि कुलर हे यंत्र बाहेरची हवा ओढून घरात सोडणारे आहे. गवताच्या जाळ्या मार्चमध्ये नव्या बसवल्या की महिनाभरात काळ्या पडतात, टाकीच्या तळाशी बोटभर गाळ साचतो, आणि त्याच जाळ्यांतून आलेली हवा मुलीच्या उशाशी वाहते. कुलर बंद करावा तर उकाड्याने जीव जातो, लावावा तर खोकला उसळतो. खिडक्या लावून एसी चालवा, असा सल्ला देणाऱ्यांनी आमचे वीजबिलही भरायला यावे. पूर्वी यावर आमचा स्वतःचा उपाय होता: संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडायचे, जेवणे उरकली की गाद्या घालायच्या आणि सगळ्या घराने उघड्यावर झोपायचे. माझे बालपण त्या गच्चीवर गेले. गेली तीन वर्षे आमच्या गल्लीत कोणीही गच्चीवर झोपलेले नाही, कारण पहाटे उठल्यावर चादरीवर करडा थर असतो आणि घसा बसलेला असतो. आईने तर बिबडे आणि कुरडया घालणेच सोडून दिले. जन्मभर तिने ज्वारीचे बिबडे स्वतःच्या हाताने थापून गच्चीवर वाळवले, नातेवाइकांना डबे भरभरून पाठवले; एका चैत्रात तिने वाळलेला बिबडा तळला, खाल्ला आणि दाताखाली कचकच आली तेव्हा ती काहीही न बोलता पूर्ण डबा बाहेर ठेवून आली. आता आम्ही बिबडे विकत आणतो. ही गोष्ट कुठल्याही अहवालात येणार नाही, पण मला ती खोकल्याइतकीच लागते.

धुळीपुरतेच असते तरी एक वेळ समजलो असतो. तिच्या जोडीला धूर आहे. झाडलोट झाली की पालापाचोळा, प्लास्टिकच्या पिशव्या, जुन्या चटयांचे तुकडे, वायरींची साले असा ढीग करून कोपऱ्यावर काडी लावायची ही आपल्याकडची रोजची रीत झाली आहे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळण्यास बंदी घातली. साध्या प्रकाराला ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये दंड ठरवला. आमच्या भागात हा दंड कोणाला झाल्याचे मी आजवर ऐकलेले नाही, आणि जाळणाऱ्यांत ज्यांनी कचरा उचलून न्यायचा तीच माणसे असतात, हे मी कितीदा तरी पाहिले आहे. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना ना पुरेशा गाड्या मिळतात, ना तोंडाला धड मास्क; त्या धुरात सर्वांत आधी तेच उभे असतात. राग आहे तो वरच्या लोकांवर, ज्यांना हे माहीत असून चालते.

हिवाळ्यात तर या धुराला जायला जागाच उरत नाही. आपण तापीच्या खोऱ्यात राहतो, उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर. थंडीच्या निरभ्र रात्री जमीन भराभर निवते, जमिनीलगतची हवा थंड आणि जड होऊन खाली बसते, तिच्यावर उबदार हवेचे झाकण पडते, आणि शेकोट्या, कचरा, डिझेल यांचा सगळा धूर त्या झाकणाखाली सकाळी नऊ-दहापर्यंत कोंडून राहतो. नेमक्या त्याच वेळी आम्ही मुलांना सात वाजता दुचाकीवर पुढे उभे करून शाळेत सोडतो, म्हणजे त्यांचे नाक पुढच्या ट्रकच्या धुराड्याच्या जवळपास पातळीवर येते. त्यांच्या तोंडाला रुमाल बांधून आपण काळजी घेतल्याचे समाधान मानतो. केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याचा कण रुमालाच्या विणीत अडकत नाही. तो थेट फुप्फुसाच्या शेवटच्या कप्प्यापर्यंत जातो आणि त्यातला काही भाग रक्तातही उतरतो.

दिल्लीची हवा बिघडली की दूरचित्रवाणीवर आठवडाभर चर्चा चालते, आणि चालावीच. पण केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा हवेच्या मानकांत वर्षानुवर्षे नापास ठरलेल्या शहरांच्या यादीत जळगावचेही नाव होते, हे आमच्या किती लोकांना माहीत आहे? ती मानकेही फार कडक आहेत असे नाही. २००९ पासून आपल्याकडे पीएम २.५ या सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तीच ५ वर आणली. म्हणजे आपण परीक्षाच आठपट सैल ठेवली. शिवाय हस्तचलित, म्हणजे माणसाने जाऊन नमुना घ्यायच्या केंद्रांवर हवेचे मोजमाप आठवड्यातून २ दिवस, वर्षाकाठी १०४ दिवस होते. माझी मुलगी मात्र ३६५ दिवस श्वास घेते. हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक ‘मध्यम’ आला, असे कोणी सांगितले की मला अजिंठा चौफुलीवर दिवसभर उभा असलेला वाहतूक पोलीस आठवतो, हातगाडीवर केळी विकणारी बाई आठवते. चोवीस तासांच्या सरासरीत त्यांची सायंकाळची सहा ते आठची वेळ कुठे विरघळून जाते?

मी तक्रार केली नाही असे नाही. लेखी अर्ज दिला, छायाचित्रे जोडली, आणि जानेवारी २०१८ मध्ये केंद्राने पर्यावरण संरक्षण नियमांत घातलेली तरतूदही लिहून दिली की खोदलेली माती उघडी टाकता येत नाही, ती झाकावी लागते आणि धूळ बसवण्यासाठी पाणी मारावे लागते. एका टेबलावरून सांगितले गेले की चारी आमची नाही. दुसऱ्या टेबलावर सांगितले की रस्ता आमचा, पण माती त्यांची. तिसऱ्या टेबलावरच्या साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘भाऊ, आपल्याकडे धूळ असायचीच.’ त्यांच्या खोलीच्या खिडक्या बंद होत्या आणि एसी चालू होता. मी अर्जाची पोच घेतली आणि बाहेर आलो. त्याला आता सात महिने झाले.

काय मागतो आहोत आम्ही? चारी बुजवताना मुरूम आणि दबाई, ढिगावर ताडपत्री, दिवसातून दोनदा टँकरचे पाणी, वाळूच्या डंपरवर झाकण, आणि झाडलेली माती रस्त्याच्या कडेला न लोटता उचलून नेणे. यात परदेशातून आणावे असे एकही यंत्र नाही. कामाच्या अंदाजपत्रकात रस्ता पूर्ववत करण्याचे पैसे धरलेले असतात. ते काम न करताच बिल निघत असेल, तर आमच्या छातीत जाते आहे ती त्या न केलेल्या कामाची माती आहे.

गेल्या महिन्यात अखेर आमच्या गल्लीच्या अर्ध्या भागावर डांबर पडले. मुलगी चार दिवस बाहेर सायकल खेळली आणि त्या चार रात्री तिला खोकला कमी होता. काल संध्याकाळी त्याच नव्या डांबरावर कोणीतरी चुन्याच्या फक्कीने दोन सरळ रेषा मारून गेले आहे. मी शेजारच्या पाच घरांत जाऊन सांगितले आहे. सकाळी जेसीबी येईल तेव्हा पाण्याचा टँकर, ताडपत्री आणि मुरूमाची गाडी आधी दाखवा, मग खोदा, असे म्हणत आम्ही त्या रेषांवर उभे राहणार आहोत, आणि आईही येणार आहे.