बाबांना प्रोत्साहनाची गरज आहे

शनिवारी मुलीच्या बालवाडीतून प्रगतिपत्रक आलं. तिचं नाही, माझं. ‘बाबा खेळात सहभागी होत नाहीत. प्रोत्साहनाची गरज आहे.’ खाली एक पिवळा चेहरा, तोंडाच्या जागी आडवी रेघ. सासूबाईंनी तो कागद फ्रिजवर लावलाय, आल्यागेल्याला नीट वाचता येईल अशा उंचीवर.

झालं होतं इतकंच की शाळेनं पालकांना मुलांबरोबर खेळायला बोलावलं होतं. ओवीनं भातुकली मांडून हॉटेल काढलं आणि मला सांगितलं, “तू गिऱ्हाईक. जागा नाहीये. वेटिंगला बस.” मी बसलो. मध्ये एकदा “किती वेळ लागेल?” असं विचारलं, तर “टोमॅटो संपलेत. मध्ये बोलू नकोस.” पुण्यात रविवारी रात्री कुठल्याही बऱ्या हॉटेलाबाहेर माणूस हेच करतो आणि त्याला कोणी शेरा देत नाही. पण हातात पॅड घेतलेल्या टीचर नेमक्या तेव्हाच आल्या, माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी लिहून पुढे गेल्या.

शेजारच्या सतरंजीवर विहानचे बाबा होते. अंगात ऑफिसच्या क्रिकेट टीमची जर्सी, गुडघ्याला नी-कॅप, खिशात मोजायची टेप. होय, टेप. समोर लाकडी ठोकळ्यांचा ढीग.

“तुमची कुठल्या स्टेजला आहे?” त्यांनी विचारलं.

“ती किचनमध्ये आहे. मी वेटिंगला.”

“तसं नाही हो, डेव्हलपमेंटल. आमचा फाइन मोटरमध्ये, म्हणजे बोटांच्या कामात, पुढे आहे. ग्रॉस मोटरमध्ये, म्हणजे पळण्या-उड्या मारण्यात, जरा मार खातो.”

विहान तेवढ्यात एक ठोकळा कानाला लावून बोलत होता. “हॅलो आजी? जेवलीस का? मी ऑफिसमध्ये आहे.”

“विहान, तो फोन नाहीये बेटा. तो लोड-बेअरिंग आहे. इकडे दे.”

“अहो, आजीशी बोलतोय. बोलू द्या ना,” मी म्हटलं.

“नको. ओपन-एंडेड प्ले अकरा पंचवीसपर्यंतच आहे.” त्यांनी घड्याळ बघितलं. “आणि आपल्याला चार फूट गाठायचेत.”

विहाननं आजीला “मीटिंग आहे, ठेवतो” असं सांगितलं, ठोकळा बाबांच्या हातात दिला आणि रांगत आमच्या हॉटेलात आला. मालकिणीनं त्याला ताबडतोब आत घेतलं. “ये, टोमॅटो आण.” माझा नंबर होता तिथेच. तिकडे विहानचे बाबा एकटेच मनोरा चढवत राहिले. जीभ बाहेर, कपाळावर घाम. माणूस इतका रमलेला मी फार दिवसांत बघितला नव्हता. चार फूट झाल्यावर त्यांनी पोराला हाक मारली. “विहान, ये, फोटो! हात लाव. लाव, पण ढकलू नकोस. लावल्यासारखा ठेव.”

त्यांना सोनेरी चांदणी मिळाली. ‘उत्कृष्ट सहभाग.’

मला चांदणी नको आहे. (हवी आहे.) पण त्या सकाळी विहाननं केलेलं सगळ्यात हुशारीचं काम म्हणजे तो फोन. एका वस्तूला दुसरीच वस्तू मानणं हे पोरांना असल्या खेळात जमायला लागतं. कागदावरची वळणदार रेघ म्हणजे ‘क’, हेही पुढे त्याच जोरावर पचतं. आणि तो फोन मध्येच कापला गेला, कारण बाबा सहभागी होत होते. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन बाईंनी लहान मुलं खेळताना काय काय करतात याचे प्रकार १९३२ साली मांडले. नुसतं बसून दुसऱ्याचा खेळ बघणं हाही त्यातला एक रीतसर प्रकार आहे. म्हणजे मी खेळतच होतो. शिवाय मला बसवलं होतं! हे सगळं मी टीचरांना लिहून पाठवणार होतो. बायको म्हणाली, ॲडमिशन अजून तिथेच आहे, जरा सबुरीनं घ्या.

तर दुसऱ्याच दिवशी शाळेची यादी आली. पालकांनी घरी ‘सेन्सरी ट्रे’ करावा, म्हणजे पोरांनी हात घालून चाचपायचं ताट. त्यात निर्जंतुक रंगीत वाळू, तीही ठरावीक दुकानातली. एका पुडीला साडेचारशे रुपये. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. साधनं कुठली, तर पानं, बिया, खडे, शिंपले. गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात, तर यांनी शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटलं. त्या पोरांच्या आईबापांना असल्या पिवळ्या चेहऱ्याचा कागद दिला असता तर त्यांनी काय केलं असतं, हा विचार मला हल्ली फार सुख देतो.

बरं, वाळू फुकट मिळत होती. आमच्या सी विंगच्या डागडुजीसाठी मागच्या महिन्यात ढीग येऊन पडला आणि आख्ख्या सोसायटीची पोरं त्यावर तुटून पडली. बोगदे, धरणं, एक चप्पल पुरून तिचं उत्खनन. कोणी कोणाला बोलवायला गेलं नव्हतं. दोन दिवसांत ढिगावर ताडपत्री आली आणि वॉचमनकाकांना शिट्टी मिळाली. खेळणं हा मुलांचा हक्क आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत, ३१व्या कलमात लिहिलंय. भारतानं ती १९९२ साली मान्य केली. आमच्या सोसायटीनं अजून केलेली नाही. आमच्याकडे गार्डनला वेळ पाच ते सात, बॉल नाही, सायकल नाही, आरडाओरडा नाही, लॉनवर पाय नाही. मेंटेनन्स मात्र पोरं असलेल्यांनाही पूर्ण.

मी सेक्रेटरींना गाठलं. म्हटलं, काका, मग गार्डन आहे कोणासाठी?

“अहो, मुलांसाठीच केलंय ते,” ते कळवळून म्हणाले. “पण मुलं फार येतात ना!”