घट्ट म्हणजे किती घट्ट?

माझा टॉर्क पाना (जोर मोजून बोल्ट आवळायचा पाना) खेळण्यातला आहे, हे काल मला शेजारच्या काकांकडून कळलं. मी जुन्या ट्रकखाली उताणा, गिअरबॉक्स उतरवून बाजूला ठेवलेला, डोळ्यांत गंज, आणि बाहेर काकांचा पायजमा. गुडघ्याच्या वरचे काका दिसत नव्हते, त्यामुळे सगळी चर्चा त्यांच्या चपलांशीच झाली.

"काय चाललंय रे सकाळपासून?" चपलांनी विचारलं.

"क्लचचे बोल्ट, काका."

"मग आवळ की!"

आवळ की! पण आवळायचे कोणते? क्लचचा सेट मागवला तर प्लेट आली, प्रेशर प्लेट आली, बेअरिंग आलं, वर आभाराचं छापील कार्डही आलं. बोल्ट तेवढे नाहीत. म्हणे जुनेच वापरा. जुने सहा बोल्ट म्हणजे ट्रकच्या आजवरच्या सगळ्या मालकांचं स्नेहसंमेलन. एकाच्या डोक्यावर तीन रेघा, म्हणजे ग्रेड 5. दोघांवर सहा रेघा, म्हणजे त्याहून कडक ग्रेड 8. दोघे कोरे, कुळाचा पत्ताच नाही. आणि सहाव्यावर चक्क 8.8, म्हणजे मेट्रिक! ट्रक इंचांच्या जमान्यातला. भोक अडीच सुताचं, म्हणजे 7.94 मिलिमीटर, आणि हा बोल्ट 8 मिलिमीटरचा. नुसत्या डोळ्यांनी फरक कळायचा नाही. पण इंचवाल्याला इंचात 18 आटे, आणि याचा सव्वा मिलिमीटरला एक. दोनतीन फेरे गोडीगुलाबीनं जातात, मग अडतो. तिथे थांबायचं असतं. कुणीतरी थांबलं नव्हतं. त्या भोकात आटे पुन्हा पाडायला टॅप फिरवताना मी त्या अज्ञात इसमाच्या घराण्याचा यथेच्छ उद्धार केला.

तसा हा घोळ जुनाच. ब्रिटनमध्ये इंजिनिअर व्हिटवर्थनं 1841 साली आट्यांचा कोन 55 अंश ठरवला. अमेरिकेत इंजिनिअर सेलर्सनं 1864 साली 60 अंशांचा आग्रह धरला, कारण तो कापायला सोपा. या पाच अंशांपायी दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्याच यंत्रांचे नटबोल्ट एकमेकांना बसेनात. शेवटी 1948 साली ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडानं मिळून एक आटा पक्का केला. तीन देशांचं जमलं. माझं आणि काकांचं जमेना.

"सहा रेघांचेच घाल सगळे. कडक माल."

"मॅन्युअलमध्ये ग्रेड 5 दिलाय, काका. हे बोल्ट ज्यात जातात ते फ्लायव्हील, इंजिनाचं जड चाक, बिडाचं आहे. जास्त पिळलं तर बोल्ट टिकेल, पण बिडातले आटे जातील."

"बीड म्हणजे लोखंडच ना?"

मी गप्प राहिलो आणि नवे ग्रेड 5 चे बोल्ट लावायला घेतले. एक इकडचा, मग बरोबर समोरचा, प्रत्येकी अर्धा फेरा. कव्हरच्या आत स्प्रिंगा दाबल्या जात असतात. एकाच बाजूनं आवळत गेलात तर कव्हर वाकतं, आणि मग क्लच सोडताना ट्रक थरथरत सुटतो.

"एकही धड पुरा करत नाहीयेस," काका म्हणाले. "लहानपणापासून तुझं हे असंच."

शेवटच्या फेरीला मी टॉर्क पाना घेतला. 17 फूट-पाउंड. कट्!

"मोडला?"

"नाही काका, ठरलेला जोर झाला की हा आवाज येतो."

"म्हणजे पुरे झालं हे तुला पाना सांगणार? हाताला काही अक्कल?" मग ते म्हणाले, "खेळणं आहे रे ते."

हे मात्र लागलं. आपल्याकडे अंदाजपंचे करणारा तो उस्ताद, आणि मोजून करणारा नवशिका. तेल लावलेल्या आट्यांवर तेवढाच जोर लावला तरी बोल्ट जास्त ताणला जातो, हे कुठल्या मनगटाला कळतं? तो मेट्रिक बोल्ट ठोकणाराही हाताच्या अकलेवरच विसंबला असणार. पण त्याला कुणी हसलं नसेल. उलट पाठ थोपटली असेल.

तेवढ्यात फोन आला म्हणून मी घरात गेलो. परत येतो तर गुडघेदुखीमुळे कधी खाली न बसणारे काका ट्रकखालून सरपटत बाहेर येत होते. हातात माझा साधा पाना, त्याच्या शेपटाला हातभर पाइप घातलेला.

"सगळे ढिले होते तुझे. कसून टाकले," ते पायजमा झटकत म्हणाले. "आणि कौतुक नको सांगूस त्या खेळण्याचं. शेवटच्याला आपल्या साध्या पान्यानंही कट् आवाज आला!"

त्या बोल्टचं डोकं मला चपलेजवळ सापडलं. बाकीचा भाग फ्लायव्हीलच्या आत आहे, तो आता ड्रिल मारून काढायचा. उरलेले पाच दिसायला ठणठणीत आहेत, पण मर्यादेपलीकडे ताणलेला बोल्ट पुन्हा मूळ लांबीवर येत नाही, त्यामुळे तेही बाद. काका मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगताहेत की, पोराला जमत नव्हतं, शेवटी क्लच मीच बसवून दिला.