पंधरा दिवसांच्या उत्तरासाठी 2,965 डॉलर

1 मार्च 2026 पासून एच-1बी या अमेरिकेतील नोकरीच्या व्हिसासाठीच्या अर्जाच्या प्रीमियम प्रोसेसिंगचे, म्हणजे जादा पैसे घेऊन लवकर उत्तर देण्याच्या सोयीचे, शुल्क 2,805 डॉलरवरून 2,965 डॉलर झाले, आणि महागाईच्या प्रमाणात केलेली ही दर दोन वर्षांची वाढ आहे, हे त्याचे समर्थन ऐकले की तळपायाची आग मस्तकात जाते. 2001 मध्ये ही सोय सुरू झाली तेव्हा तिला 1,000 डॉलर पडत असत. पुढे 1,225, 1,410, 1,440 असे आकडे चढत गेले आणि ऑक्टोबर 2020 मध्ये एका फटक्यात शुल्क 2,500 डॉलर झाले. या काळात अमेरिकेतील किमती दुप्पटही झाल्या नाहीत, हे शुल्क मात्र तिपटीला टेकले आहे. आजच्या दराने ही रक्कम अडीच लाख रुपयांच्या वर जाते आणि ती मूळ अर्जाच्या शुल्कांखेरीज, निराळी भरायची असते.

एवढे पैसे मोजून मिळते काय, तर पंधरा दिवसांत उत्तर. त्यातही एप्रिल 2024 पासून हे दिवस कॅलेंडरचे न राहता कामकाजाचे झाले, म्हणजे शनिवार, रविवार आणि सरकारी सुट्ट्या वजा जाऊन प्रत्यक्षात तीन आठवडे. त्याच वर्षी फेब्रुवारीत शुल्क वाढवले होते. दोन महिन्यांच्या आत मुदतही लांबवली. शिवाय उत्तर म्हणजे निकाल नव्हे. पंधराव्या दिवशी अधिक पुरावे मागणारी आरएफई धाडली तरी यूएससीआयएस या अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने शब्द पाळला असे धरले जाते, आपण कागद पाठवल्यावर पंधरा दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि भरलेल्या शुल्कातला एक सेंटही परत मिळत नाही.

ज्यांना परवडत नाही त्यांनी साध्या रांगेत थांबावे, असे सांगणारे लोक भेटतात. ती रांग महिनोन्महिने का हलत नाही, याचे उत्तर खुद्द यूएससीआयएसने 2017 मध्ये दिलेले आहे. त्या एप्रिलमध्ये एच-1बीचे प्रीमियम तात्पुरते बंद करताना खात्याने कारण सांगितले होते की, प्रीमियमच्या अर्जांची संख्या फार वाढल्यामुळे जुने प्रलंबित अर्ज हाताळता येत नाहीत. म्हणजे जो पैसे भरतो त्याची फाइल वर येते आणि जो भरत नाही त्याची त्याच कारणाने खाली जाते. ज्या खात्याचा साधा विलंब वाढला की जलद सेवेचे गिऱ्हाईक आपोआप वाढते, त्या खात्याला तो विलंब कमी करण्याची घाई कशाला असेल? हा सरळसरळ नाक दाबून तोंड उघडण्याचा प्रकार आहे.

माझ्या कंपनीच्या एचआरने मला स्वच्छ शब्दांत कळवले की, एच-1बीच्या मुदतवाढीचा अर्ज वेळेत दाखल झाला असल्याने जुनी मुदत संपल्यावरही 240 दिवस काम करता येते, सबब प्रीमियम ही तुमची वैयक्तिक गरज असून तिचा खर्च तुम्हीच करावा. काम करता येते हे खरे, पण जगता येत नाही त्याचे काय? आय-94 ची, म्हणजे अमेरिकेत राहण्याच्या परवानगीच्या नोंदीची, तारीख उलटली की वाहन परवाना संपतो. मोटार वाहन कार्यालयाच्या खिडकीवर मी अर्जाची पोच पुढे केली, तेव्हा तिथल्या बाईंनी ती उलटसुलट पाहून परत सरकवली आणि मंजुरीपत्र मागितले. ज्या गावात बस फिरकत नाही तिथे परवान्याशिवाय मुलांना शाळेत पोचवायचे कसे? आई सांगलीच्या रुग्णालयात होती. पण मंजुरीपत्र हाती आल्याशिवाय मुंबईत व्हिसाचा शिक्का मिळत नाही आणि शिक्क्याशिवाय परत येता येत नाही. अशा वेळी माणूस भावाची घासाघीस करत नाही, तो कार्ड काढून पैसे भरतो, आणि हे शुल्क ठरवणाऱ्यांना पक्के ठाऊक आहे.

सर्वाधिक संताप येतो तो एच-4 वरील, म्हणजे एच-1बीधारकांच्या कुटुंबीयांसाठीच्या व्हिसावरील, जोडीदारांच्या बाबतीत. जानेवारी 2023 च्या न्यायालयीन तडजोडीमुळे एकत्र भरलेले एच-4 आणि त्यांच्या ईएडीचे, म्हणजे काम करण्याच्या परवान्याच्या कार्डाचे, अर्ज एच-1बीबरोबरच निकाली काढले जात होते. ती तडजोड 18 जानेवारी 2025 रोजी संपली आणि 30 ऑक्टोबर 2025 पासून नूतनीकरणाच्या अर्जांना मिळणारी ईएडीची आपोआप मुदतवाढही बंद झाली. एच-4 च्या ईएडीला प्रीमियमची सोयच नाही. म्हणजे नवऱ्याच्या अर्जासाठी 2,965 डॉलर ओतले तरी बायकोचे कार्ड साध्याच रांगेत पडून राहते, आणि जुन्या कार्डाची तारीख उलटली की तिला काम थांबवावे लागते. वर्षानुवर्षे कर भरणाऱ्या, कामात मुरलेल्या बायका केवळ एका न उघडलेल्या पाकिटापायी घरी बसतात, ही शुद्ध नासाडी आहे.

प्रीमियमचा पैसा प्रलंबित अर्जांचा ढीग उपसण्यासाठी वापरण्याची मुभा 2020 च्या कायद्याने दिलेली आहे. मग साध्या अर्जाला किती दिवसांत निकाल मिळेल याची बंधनकारक मुदत जाहीर करा, ती पाळली जाईपर्यंत प्रीमियमचे शुल्क एका डॉलरनेही वाढवू नका, आणि पंधरा दिवसांत निकालाऐवजी आरएफई येणार असेल तर घेतलेले पैसे परत करा.