सी फॉरमॅट मारा, भाऊजी!

"भाऊजी, एवढं काय घाबरताय? फॉरमॅटच तर मारायचाय!" हे वाक्य माझ्या मेव्हण्याने माझ्याच खुर्चीत बसून, माझ्याच संगणकासमोर आणि मुख्य म्हणजे माझ्या बायकोच्या देखत उच्चारले, आणि तेव्हापासून ते माझ्या डोक्यात ठाण मांडून बसले आहे. घाबरट म्हणवून घेण्याचे मला फारसे वावडे नाही. परंतु संगणक बंद करण्याचे बटण आणि नुसता मॉनिटर बंद करण्याचे बटण यांतील फरक ज्याला अलीकडेच उमगला, त्याच्या तोंडून ते ऐकून घ्यावे लागणे ही निराळी गोष्ट आहे.

प्रसंग साधा होता. विंडोजची अपडेट दर वेळी अर्ध्यापर्यंत जाऊन परत फिरत होती, म्हणून सगळे पुसून नव्याने विंडोज टाकायचे ठरले. पेन ड्राइव्हवरून सेटअप सुरू केला, भाषा निवडली, कीबोर्ड निवडला, आणि विंडोज कोठे टाकायचे असे विचारणारी ती यादी समोर आली.

माझ्या संगणकात दोन डिस्क आहेत. एक मदरबोर्डवरच बसवलेली एसएसडी, म्हणजे आत काहीही न फिरणारी, नुसत्या चिपांची डिस्क. तिच्यावर विंडोज असते. दुसरी जुनी, फिरणारी हार्ड डिस्क. तिच्यावर मुलांचे अगदी पाळण्यातले फोटो, आईचा आवाज असलेली एक ध्वनिफीत आणि कर खात्याने कधी विचारलेच तर दाखवायचे कागद आहेत. दोन्ही एकेका टीबीच्या. एरवी मी त्यांना सी, डी, ई या अक्षरांनी ओळखतो. सेटअपच्या यादीत मात्र अक्षरांना जागाच नाही. तेथे 'ड्राइव्ह 0 पार्टिशन 1', 'ड्राइव्ह 0 पार्टिशन 2', 'ड्राइव्ह 1 पार्टिशन 1' अशा ओळी एकाखाली एक उभ्या असतात. डिस्क कोणत्या कंपनीची आहे, तिचा मॉडेल क्रमांक काय आहे, हे त्या सेटअपला विचारता येण्याजोगे असूनही तो ते विचारत नाही आणि आपल्याला सांगतही नाही. पार्टिशनला, म्हणजे डिस्कच्या पाडलेल्या भागाला, कोणी नाव दिलेले असेल तर तेवढे दिसते. माझी हार्ड डिस्क ज्याने बसवून दिली, त्याने तिचे दोन भाग केले आणि विंडोज आपणहून जे नाव सुचवते ते 'न्यू व्हॉल्यूम' दोन्हींना तसेच राहू दिले. घरातील सर्वांत जुन्या वस्तूंना त्या यादीत नवे म्हटले होते, आणि त्याही दोन जुळ्या भावांसारख्या शेजारी शेजारी होत्या.

तरीही मला अंदाज होता. ड्राइव्ह 1 चे चार तुकडे दिसत होते: 100 एमबीचा सिस्टिमचा, 16 एमबीचा राखीव, मग एक भला मोठा, आणि शेवटी रिकव्हरीचा. असे तुकडे विंडोज स्वतः पाडते, त्यामुळे तीच एसएसडी असणार, असे मी मनाशी म्हणत होतो. ज्या कामात एक टिचकी चुकली तर दहा वर्षे पुसली जातात, त्या कामात 'असणार' या शब्दावर माझे समाधान होत नाही. नेमक्या त्याच वेळी, आज सहज इकडे आलो होतो असे म्हणत, मेव्हणा खोलीत शिरला.

"यात विचार कसला करताय? सी फॉरमॅट मारा."

"अरे, पण यात सी कुठे आहे?"

त्याने यादी वरपासून खालपर्यंत वाचली, मग खालपासून वर वाचली, आणि जराही न डगमगता म्हणाला, "सी म्हणजे पहिली. पहिलीवर मारा."

"पहिली म्हणजे शून्य की एक?"

"पहिली म्हणजे पहिली हो! शून्य ही काय पहिली असते का? शून्य म्हणजे काहीच नाही."

"मग एकवर मारू म्हणतोस?"

"नाही, नाही. सगळ्यात वरची जी आहे ती. तिला त्यांनी चुकून शून्य लिहिलंय."

चुकून! सगळ्यांत वर होता ड्राइव्ह 0, म्हणजे माझ्या अंदाजाप्रमाणे फोटोंची हार्ड डिस्क. केबल मदरबोर्डवरील कोणत्या जागी लावली आहे आणि संगणकाला आधी कोण सापडले यावर हे क्रमांक ठरतात; कोणावर विंडोज आहे याच्याशी त्यांचा संबंध नसतो, हे मी त्याला समजावू लागलो. तोवर त्याने दुसरा पुरावा शोधून काढला होता. वरच्या दोन ओळींपुढे 465 जीबी लिहिले होते आणि खाली 930 जीबीची एक ओळ होती. त्याच्या म्हणण्याप्रमाणे जगात कोणीही सी लहान ठेवतो आणि डी मोठा ठेवतो, तेव्हा लहान ती विंडोजची. शिवाय वरच्या दोन्ही भागांत मोकळी जागा फारच थोडी उरली होती. "बघा, गच्च भरलंय. म्हणून तर तुमचं विंडोज हळू चालतंय," असे तो अत्यंत सहानुभूतीने म्हणाला. गच्च भरले होते ते फोटोंनी, आणि अर्धे फोटो त्याच्याच लग्नातील होते.

पुढे त्याने सगळे आकडे मनातल्या मनात जुळवून पाहिले आणि त्याचा चेहरा गंभीर झाला. एक टीबीची डिस्क असताना 465 आणि 465 मिळून 930 च कसे होतात? उरलेले कोठे गेले? डिस्क बनविणारे दहाच्या बाराव्या घाताला टीबी म्हणतात आणि विंडोज त्याच बाइटना तीनदा 1024 ने भागून जीबी दाखवते, त्यामुळे 931 उरतात, हे उत्तर मी दिले. ते त्याला पळवाट वाटले. "व्हायरसनं खाल्लं असणार," तो म्हणाला, "म्हणून तर म्हणतोय, मारा फॉरमॅट."

येथे त्या सी अक्षराविषयी थोडे बोलणे भाग आहे, कारण अर्ध्या जगाची अशी समजूत आहे की सी हे डिस्कच्या अंगावर कोरलेले असते. 1981 साली आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हतीच, फ्लॉपी होत्या, आणि ए व बी ही अक्षरे त्यांच्या वाट्याला गेली. 1983 मध्ये 10 एमबीची हार्ड डिस्क असलेला त्याचा पुढचा अवतार, एक्सटी, आला आणि तिला उरलेले तिसरे अक्षर मिळाले. फ्लॉपी केव्हाच भंगारात गेल्या, तरी ए आणि बी अजून त्यांची वाट पाहत बसले आहेत आणि सी तिसऱ्या जागेवरून हलायला तयार नाही. हे अक्षर म्हणजे चालू असलेल्या विंडोजने आपल्या सोयीसाठी लावलेली पाटी आहे. पेन ड्राइव्हवरून सुरू झालेला सेटअप हे वेगळेच छोटे विंडोज असते. ते स्वतःसाठी एक्स अक्षर घेते आणि बाकीच्यांना नव्याने पाट्या वाटते. घरातल्या विंडोजची सी आणि त्याची सी एकच असेल, याची कोणतीही हमी नसते.

हे प्रत्यक्ष दाखवावे म्हणून मी शिफ्ट आणि एफ10 दाबून आज्ञा टाइप करण्याची काळी खिडकी उघडली, आणि तेथेच घात झाला. डिस्कपार्ट हा डिस्क हाताळणारा कार्यक्रम सुरू करून मी व्हॉल्यूमची यादी मागविली, तर तिच्यात अक्षरे होती, आणि सी या अक्षरापुढे स्पष्ट लिहिले होते: न्यू व्हॉल्यूम, 465 जीबी.

"सापडला!" मेव्हणा इतक्या मोठ्याने ओरडला की बायको आतून धावत आली. "ताई, भाऊजी मघापासून म्हणतायत सी नाहीच. हा बघ सी! लहान आहे, पहिला आहे, भरलेला आहे. मी काय म्हणत होतो?"

त्या घटकेला त्याचे तिन्ही सिद्धांत एकमेकांना दुजोरा देत होते आणि तिन्ही मिळून माझ्या आईच्या आवाजाकडे बोट दाखवीत होते. मी खुलासा करायला तोंड उघडले, तेव्हा बायको म्हणाली, "तो म्हणतोय तर एकदा करून बघा ना." करून बघा! फॉरमॅट ही करून बघण्याची गोष्ट आहे, असे मानणाऱ्या माणसांमध्ये मी राहतो.

खरे उत्तर त्याच काळ्या खिडकीत होते. एकेक डिस्क निवडून 'डिटेल डिस्क' असे लिहिले की मॉडेलचे नाव येते आणि ती साटावर (हार्ड डिस्क केबलने जोडण्याची जुनी पद्धत) आहे की एनव्हीएमईवर (माझ्या एसएसडीची नवी, वेगवान पद्धत) आहे, तेही येते. ड्राइव्ह 0 साटावर निघाला आणि ड्राइव्ह 1 एनव्हीएमईवर, म्हणजे माझा अंदाज बरोबर होता. एवढी माहिती देणारा कार्यक्रम त्याच पेन ड्राइव्हवर असताना, जेथे जिवावरचा निर्णय घ्यायचा त्या यादीत ती दोन शब्दांनी दाखवायला काय हरकत असावी, हे मला आजतागायत कळलेले नाही. त्याउलट डिस्कपार्टमध्ये 'क्लीन' हा शब्द लिहून एंटर दाबले की निवडलेल्या डिस्कवरील सगळी पार्टिशन नाहीशी होतात, आणि त्याआधी 'नक्की ना?' असे एका अक्षरानेही विचारले जात नाही. एखादी साधी फाइल रिसायकल बिनमधून काढताना हेच विंडोज परवानगी मागते.

"चुकलं तरी काय बिघडतंय? सॉफ्टवेअरनं सगळं परत येतं," हे मेव्हण्याचे शेवटचे अस्त्र होते. फिरणाऱ्या डिस्कवर झटपट फॉरमॅट झाला असेल आणि वर काही लिहिले गेले नसेल, तर पुष्कळ काही परत मिळू शकते, हे खरे आहे. त्या फॉरमॅटमध्ये मुख्यतः यादी कोरी होते, मजकूर जागेवर राहतो. परंतु त्याच डिस्कवर लगेच विंडोज टाकले की तो मजकूर कोठे कोठे दडपला जाईल याचा नेम नाही. एसएसडीवर तर फॉरमॅट होताच ट्रिमची, म्हणजे 'ही जागा आता नको' असे सांगणारी, आज्ञा जाते आणि ती डिस्क आपले कप्पे आतून रिकामे करून टाकते, मग शोधणारा काय शोधणार? शिवाय माझ्याकडे बॅकअप आहे. मात्र बॅकअप आहे म्हणून मूळ पुसायला मोकळीक मिळाली, असे मला वाटत नाही. मेव्हण्याला तसे वाटते.

मी संगणक बंद केला, भिंतीवरचा स्विच बंद केला आणि कॅबिनेटचे झाकण उघडले. हार्ड डिस्कला जाणारी चपटी साटा केबल काढून टाकली की ती डिस्क सेटअपला दिसतच नाही, आणि जी दिसत नाही ती पुसता येत नाही. आणखी एक फायदा असा की संगणक सुरू करणाऱ्या फाइल सेटअप कधी कधी शेजारच्याच डिस्कवर नेऊन ठेवतो, त्यालाही आळा बसतो. हे मी बोलत असताना मेव्हणा मोबाइलचा टॉर्च धरून उभा होता आणि त्याचा प्रकाश केबलखेरीज सर्वत्र पडत होता. केबलची पत्र्याची खिट्टी बोटाने दाबून धरावी लागते, ती अंधारात सापडेना, आणि वरून आवाज येत होता, "ताई, फॉरमॅट मारायला कोणी मशीन खोलतं का गं?" दोघेही हसली. ते हसणे मला अजून ऐकू येते.

संगणक पुन्हा सुरू केला. आता यादीत एसएसडी आणि पेन ड्राइव्ह एवढेच उरले होते, आणि हार्ड डिस्क गेल्यामुळे एसएसडीला बढती मिळून ती ड्राइव्ह 0 झाली होती. मेव्हण्याने ते वाचले, माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाला, "म्हणजे पहिलीच होती."

मी उत्तर दिले नाही. चारही तुकडे एकेक करून डिलीट केले, सगळी जागा मोकळी झाल्याची एक ओळ उरली, ती निवडून 'नेक्स्ट' दाबले. एवढे पुरते, पार्टिशन पाडणे आणि त्यांना फॉरमॅट करणे हे पुढचे काम सेटअप स्वतःच करतो. मात्र फॉरमॅटच्या बटणाला मी हात लावला नाही, हे मेव्हण्याच्या नजरेतून सुटले नाही, आणि टक्के पुढे सरकत असताना तो बराच वेळ अस्वस्थ होता. "फॉरमॅट न मारताच टाकलंत," असे त्याने एकदा हळूच आणि एकदा जरा मोठ्याने म्हणून दाखवले. त्याच्या मते या विंडोजमध्ये आता कायमची खोट राहणार आहे, आणि पुढे कधीही काही बिघडले तर त्याचे कारण त्याला आजच ठाऊक आहे.

विंडोज उत्तम चालते आहे. केबल पुन्हा लावली, फोटो जागच्या जागी आहेत, आणि दोन्ही न्यू व्हॉल्यूमना मी आता ठसठशीत नावे दिली आहेत. रात्री कुटुंबाच्या ग्रुपवर बायकोने लिहिले की संगणक नीट झाला, भावाने येऊन मदत केली म्हणून. त्यावर सासूबाईंपासून सर्वांनी त्याला अंगठे दाखवून शाबासकी दिली, आणि एका मावसभावाने मला उद्देशून लिहिले की अशा कामाला त्यालाच आधी बोलवत जा. मी तेथे साटा, एनव्हीएमई आणि ट्रिम यांविषयी चार ओळी लिहिल्या. त्यांना कोणी अंगठा दाखवला नाही.

जाताना मेव्हण्याने सांगितले की त्याने स्वतःच्या संगणकातही नुकतीच दुसरी डिस्क बसवून घेतली आहे, पहिल्याच आकाराची. महिनाअखेर तो तेथे नवे विंडोज टाकणार आहे. झाकण वगैरे उघडायची गरज नाही म्हणतो, पाच मिनिटांचे काम आहे.