वर्दीतले आबा आणि काळ्या हातांचे आबा

गावाकडं सध्या एका कमानीवरून धुसफूस चालू आहे. वेशीवर माजी सैनिकांच्या नावांची कमान उभारायची ठरलं, वर्गणी जमली आणि माझ्या आजोबांच्या नावापाशी गाडं अडलं. आबा दुसऱ्या महायुद्धात होते, म्हणजे इंग्रजांच्या फौजेत. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चुलतभावाचं म्हणणं, नावाआधी 'वीर' हवं आणि वर्दीतला फोटोही हवा. कॉलेजात जाणाऱ्या पुतण्याचं म्हणणं, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार १९४३ पासून आपल्याच सातारा जिल्ह्यात इंग्रजांशी झुंजत असताना आबा त्याच इंग्रजांचा पगार खात होते, मग वीर कसले?

मी जर्मनीत, स्टुटगार्टला बसून हे वाचतो. दोघांचीही बाजू मला पटते, पण दोघांच्याही बाजूने बोलावंसं वाटत नाही. त्या युद्धात हिंदुस्थानी फौजेत पंचवीस लाखांच्या घरात माणसं होती, सक्तीची भरती नसताना. त्यातले कितीतरी पोटासाठी गेले, आणि आबाही त्यातलेच. इटलीत यातल्या ५,७८२ जणांनी प्राण सोडले. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला तिथेच पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. इटलीतल्या मोंतोने गावाने २०२३ मध्ये त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ उभारलं. तिथल्या लोकांना ते कुणाच्या पगारावर होते हा प्रश्न पडला नाही. आपल्याला पडतो, आणि पडायलाही हवा. पण भांडायचंच तर पूर्ण माणसावरून भांडावं. ग्रुपवरच्या दोन्ही बाजूंना आबांची फक्त पाच वर्षं दिसतात.

आबा १९४१ ला खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये लागले. सॅपर म्हणजे पूल बांधणारे, सुरुंग काढणारे, रस्ता करून देणारे. इटलीत त्यांनी बेली पूल, म्हणजे सुटे पोलादी भाग जोडून उभे करायचे पूल, जोडले. एकेक पॅनेल दहा फूट लांब आणि वजन अडीचशे किलोच्या वर, सहा जणांनी उचलायचं आणि अंधारात चाचपडत पिन ठोकायची. युद्धाबद्दल आबा एवढंच सांगायचे. मारामारीचा प्रसंग कधी सांगितला नाही. पिन नीट बसली की हाताला कळतं, हे मात्र दहादा सांगत.

१९४६ ला परत आले ते फिटर होऊन. घर कुणब्याचं. लोखंडाला हात लावायचा तो लोहाराने, ही गावची रीत. 'कुणब्याचं पोर ऐरणीपुढं बसलं' म्हणून लोक हसले. गावच्या लोहाराने तर बरीच वर्षं अबोला धरला, आणि त्याचंही खोटं नव्हतं, त्याच्या पोटाचा प्रश्न होता. पण विहिरींवर ऑइल इंजिनं येऊ लागली आणि ती बंद पडू लागली, तसे हसणारेच बैलगाडीत इंजिन घालून दारात आले.

बेअरिंग बसवताना मी त्यांना पाहिलंय. शाफ्टला निळ्या रंगाचा पुसटसा हात द्यायचा, बेअरिंग त्यावर ठेवून फिरवायचं, उचलून बघायचं. जिथं निळं उमटलं तिथं उंचवटा, तेवढाच स्क्रेपरने घासायचा. परत रंग, परत फिरवणं. सगळीकडे सारखं निळं उमटेपर्यंत हेच, कधी अख्खी दुपार. दारात ताटकळलेला शेतकरी 'आबा, बसवा की आता' म्हणायचा. आबा त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. हे त्यांनी तीसेक वर्षं केलं. कमानीवर त्यातलं एक अक्षर येणार नाही.

इथं सगळं नेमकं उलटं. आमच्या खालच्या मजल्यावर हीटिंगचं काम केलेले एक निवृत्त मिस्त्री राहतात. घरात शिरल्या शिरल्या समोर त्यांचं माइस्टरचं, म्हणजे उस्ताद कारागिराच्या परीक्षेचं, प्रमाणपत्र, चौकटीत, लग्नाच्या फोटोच्या वर. त्यांचे आजोबाही १९४४ ला इटलीत होते, अर्थात पलीकडच्या बाजूला. त्यांचा वर्दीतला फोटो आहे, पण खणात. 'आमच्याकडे तो विषय निघत नाही,' एवढंच ते बोलले. ती फौज कुणाची होती हे माहीत असल्यावर त्यांना दोष कसा देणार? त्यांची आजची फौजसुद्धा बराच काळ अशीच बिनबोभाट राहिली. माजी सैनिकांसाठी एक दिवस पाळायचं संसदेने ठरवलं २०२४ ला, आणि तो पहिल्यांदा साजरा झाला जून २०२५ मध्ये. आपल्याकडे साताऱ्याजवळचं अपशिंगे गाव आपल्या नावातच 'मिलिटरी' लावतं.

म्हणून जर्मनीत कारागिराला स्वर्ग सापडला असं समजू नका. इथल्या बहुतेक राज्यांत पोर चौथीत असतानाच ते कुठल्या शाळेत जाणार, विद्यापीठाकडे नेणाऱ्या की हातकामाकडे, हे बऱ्याच अंशी ठरतं, आणि बाहेरून आलेल्यांची पोरं खालच्या फाट्याला जास्त लागतात. कागदाचं वेड तर विचारू नका. इंजिन दुरुस्तीचं स्वतःचं दुकान काढायला साधारणपणे माइस्टरची परीक्षा लागते. आबांसारख्या बिनकागदाच्या माणसाला इथं फार तर कुणाच्या तरी हाताखाली राबावं लागलं असतं. आपल्याकडे निदान गिऱ्हाईक हात बघून कामाला येतं. फरक एवढाच की काम झालं की त्याच हाताला आपण सोयरीक नाकारतो. इथं माइस्टरची पात्रता सरकारी चौकटीत पदवीच्या बरोबरीने धरतात, आणि दुकानाचा मालक मालक म्हणून मिरवतो.

हे सगळं आठवायचं कारण नुसती कमान नाही. सैन्यात चार वर्षांसाठी भरती करणाऱ्या २०२२ च्या अग्निपथ योजनेतली पहिली तुकडी चार वर्षं पुरी करायला आली. त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे ठेवणार, बाकीचे साडेअकरा लाखांहून थोडी जास्त रक्कम घेऊन घरी. टीव्हीवर भांडण पेन्शन आणि शौर्याचं. आबा पेन्शनवर जगले नाहीत, खडकीत शिकलेल्या फिटरकीवर जगले. मला सरकारला एकच विचारायचंय: चार वर्षांत या पोरांच्या हाताला काय शिकवलंत? रायफल सोडून. ज्याला पिन बसल्याचं हाताला कळतं असा किती जणांचा हात तयार झाला?

दुसरीकडे महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्याच बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, नर्स, ड्रायव्हर हवेत, कारण इथल्या पोरांनाही आता हात काळे करायचा कंटाळा आलाय. करार वाईट नाही, मी स्वतः परदेशात राहून तसं कुठल्या तोंडाने म्हणू? खटकतं ते एवढंच की ज्या आयटीआयला आपण नापासांची शाळा म्हणत आलो, तिथला पोरगा विमानात बसणार म्हटल्यावर अचानक कुशल ठरतो. गावातच गॅरेज घातलं असतं तर तोच पोरगा 'कुठं नोकरी मिळाली नाही वाटतं' म्हणून ऐकून घेत बसला असता.

कमानीचं मी ग्रुपवर लिहिलं. 'वीर' लिहा किंवा लिहू नका, पण नावाखाली 'इंजिन मिस्त्री' लिहा. चुलतभावाने पसंतीचा अंगठा टाकला. काकूंचा लगेच फोन आला, 'अरे, पाहुणेरावळे वाचतील ते.' त्यांचा धाकटा आयटीआयचा डिझेल मेकॅनिक, हात आबांचाच. याच करारातून इकडे यायचं म्हणून बी-वन पातळीची जर्मन घोकतोय, आणि अधूनमधून माझ्याकडून क्रियापदं तपासून घेतो. काकूंनी त्याचा बायोडाटा वधूवर मंडळात दिलाय. व्यवसायाच्या रकान्यात लिहिलंय, 'इंजिनिअर, जर्मनी (प्रक्रिया चालू)'.