छावणीत घोडदळाला आराम? अजिबात नाही

अमेरिकन यादवीवरचा लेख चांगलाय पण घोडदळाच्या शिपायाला छावणीत पायदळापेक्षा आराम असायचा हे बिलकूल पटलं नाही. अहो पायदळवाला बंदूक पुसून आडवा तरी होऊ शकायचा, स्वाराला आधी घोडा. सकाळी स्टेबल कॉलचं बिगुल वाजलं की स्वतःच्या पोटात काही जायच्या आधी दाणापाणी आणि खरारा, संध्याकाळी परत तेच. युनियन आर्मीत, म्हणजे उत्तरेच्या सैन्यात, एका घोड्याचं रोजचं रेशन १४ पौंड गवत आणि १२ पौंड दाणा, तेही मिळालं तर, मग पाण्यावर नेणं, लीद काढणं वेगळंच. आमच्या आजोबांचा टांगा होता, पावसाळ्यात ते रोज खूर उचलून बघायचे कारण चिखल तसाच राहिला की खुरामागची कातडी फाटते आणि जनावर लंगडायला लागतं. व्हर्जिनियाच्या हिवाळ्यात उघड्यावर दोरीला बांधलेल्या घोड्यांचे काय हाल झाले असतील विचार करा.

आणि दक्षिणेचा मुद्दा तर लेखात आलाच नाही. कॉन्फेडरेट म्हणजे दक्षिणेचा स्वार घोडा घरून आणायचा, आपल्या शिलेदारासारखा, सरकार त्याचे रोज ४० सेंट द्यायचं. लढाईत मेला तर भरपाई, पण रोगाने किंवा उपासमारीने गेला तर काही नाही, नवा घोडा स्वतःच शोधायचा नाहीतर पायदळात जायचं. युनियनने निदान १८६३ मध्ये कॅव्हलरी ब्युरो म्हणजे घोडदळासाठी वेगळं खातं काढलं आणि वॉशिंग्टनजवळ गीझबरोला घोड्यांचा मोठा डेपो उभारला. लेखकांनी यावर पुढचा भाग लिहावाच, फक्त लढायांचं वाचून स्वाराचं आयुष्य कळत नाही.